आबांच्या रांगेत

*ताई, नमस्कार. मी ४१ वर्षांची, मूळची वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठची. गेली १३ वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करते. मागच्या वर्षी आम्हा तिघांना जर्मन नागरिकत्व मिळालं. यंदा मे महिन्यात आबांना (माझे वडील, वय ७२) घेऊन आम्ही फ्रँकफर्टला उतरलो. इमिग्रेशनला दोन रांगा. आम्ही तिघं युरोपवाल्यांच्या रांगेतून सहा-सात मिनिटांत पार. आबा 'ऑल पासपोर्ट्स'च्या रांगेत, एकटे. साखर कारखान्याच्या कापडी पिशवीत त्यांची फाइल : विमा, मी दिलेलं हमीपत्र, परतीचं तिकीट, वर सात-बारा. पावणेदोन तास आम्ही काचेपलीकडून बघत होतो. खिडकीतल्या माणसानं तिकीट पाहिलं, पैसे किती आणलेत विचारलं. आबांनी हसून अख्खी पिशवीच पुढं केली. माझ्या ९ वर्षांच्या मुलानं विचारलं, "आई, आजोबांनी काय केलंय?" मला उत्तर देता आलं नाही.*

*तेव्हापासून ते मनातून जात नाही. चुलतभावाचा व्हिसा दोनदा नाकारलाय. ऑफिसच्या कँटीनमध्ये एक सहकारी म्हणाला, तुमचा भारत कोळसा जाळायचं कधी थांबवणार? माझ्या तोंडून 'आमचा' निघेना आणि 'त्यांचा'ही निघेना. नवरा म्हणतो, कष्टानं मिळवलंय, मजेत राहा. पासपोर्ट घेतला हे चुकलं का? गावाकडं पैसे पाठवू? परत येऊ?*
*– दोन रांगांमधली*

अगं दोन रांगांमधले,

वयानं तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पिशवीतल्या सात-बाऱ्याशी थांबले. फ्रँकफर्टच्या अधिकाऱ्याला वाळव्याचा सात-बारा कशाला? पण आबांचं बरोबर होतं. 'माझं घर तिकडं आहे, मी इथं राहायला आलेलो नाही' हे त्यांना दाखवायचं होतं आणि त्यांच्याकडचा सगळ्यात भक्कम कागद तो. समोरच्यालाही नेमकं तेच हवं असतं, हा माणूस परत जाईल ना? सगळी फाइल त्या एका संशयाला दिलेलं उत्तर असते. तुझ्या मुलाला काचेतून तो संशय दिसला, म्हणून त्यानं तसं विचारलं.

त्याला उत्तर द्यायचं राहिलंय, ते आधी दे. सांग, आजोबांनी काहीही केलेलं नाही. आणि हेही सांग, की आपणही काही केलेलं नाही.

या दुसऱ्या वाक्याला तुझा नवरा हरकत घेईल. कष्ट केलेत तुम्ही, मान्य. भाषा शिकलात, ३३ प्रश्नांची परीक्षा दिलीत (१७ बरोबर आले की पास, पण ते असो), माणशी २५५ युरो भरलेत, इतकी वर्षं कर भरलात. पण पोराचं काय? त्याची फी ५१ युरो, परीक्षासुद्धा नाही, आणि तो तुमच्याच रांगेत. कष्टाच्या मापानं रांगा लागत असत्या, तर रात्री दोनला लाइट आली म्हणून बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जाणारा माणूस सगळ्यांच्या पुढं असता.

या रांगा काही आदिकाळापासूनच्या नाहीत. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता, कारण तशी भानगडच नव्हती. त्यांना अडवणारे सगळे इकडचे, समुद्र ओलांडला की धर्म बुडाला म्हणणारे. देश बघून दारात अडवायला नुकती सुरुवात होत होती. अमेरिकेनं आदल्याच वर्षी चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता. पुढं पहिल्या महायुद्धात तात्पुरते म्हणून पासपोर्ट सक्तीचे झाले, ते बसलेच. आज गाव पेढे वाटतं आणि अडवतो तो खिडकीतला माणूस.

चुलतभावाला सांग, तो एकटा नाही. २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ११ लाखांवर अर्ज गेले, त्यातले दीड लाखाहून जास्त नाकारले. फी तेव्हा आधी ८० आणि जूनपासून ९० युरो, नकार आला तरी परत मिळत नाही. म्हणजे एका वर्षात नुसतं 'नाही' ऐकण्यासाठी इथल्या लोकांनी कोटीभर युरोंच्या वर मोजले. तुझ्या जर्मन शेजाऱ्याला गोव्याला यावंसं वाटलं तर तो सोफ्यावर बसून ई-व्हिसा काढतो. माझाही शेंगेन व्हिसा एकदा नाकारलाय, भाचीच्या बाळंतपणाला निघाले होते तेव्हा. कारण काय, तर परत येण्याची खात्री पटत नाही. पेन्शनर बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आणि ही म्हणे युरोपात लपून राहणार.

तर चुकलं का? नाही. तू पासपोर्ट परत केलास तरी तो आबांच्या खिशात जाणार नाही. आणि परत यायचं म्हणशील, तर अपराधी वाटतं म्हणून आलेली माणसं मी पाहिलीत. दोन वर्षांत ती इथल्या खड्ड्यांवर आणि हॉर्नवर चिडायला लागतात आणि राग निघतो म्हाताऱ्या आईबापांवर. आबांसाठी यायचं असेल तर ये, पोराला विहिरीत पोहायला शिकवायचं असेल तर ये. प्रायश्चित्त घ्यायला येऊ नकोस.

जाता जाता कागदांचं. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. जर्मनीनं २०२४ पासून दोन्ही ठेवायची मुभा दिली तरी इकडून ती नाही. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) इथं मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेली मिळते. हे आबांना स्पष्ट सांग. त्यांच्या मनात ते घोळत असणार, विचारत नसतील एवढंच.

आता जरा टोचेल असं. माणसाच्या जन्मानं त्याची रांग ठरते, हे तुला फ्रँकफर्टला पहिल्यांदा दिसलं असं तुझ्या पत्रावरून वाटतं. पहिल्यांदा? तुझ्या गावाला दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या ना? बीडकडून, नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडायच्या. त्यांची शिधापत्रिका गावाकडं आणि पोट वाळव्यात, म्हणजे पाच-सहा महिने रेशन तिकडंच राहिलं. देशात कुठंही धान्य उचलता येण्याची सोय २०१९ पासून हळूहळू आली. तू शाळेत होतीस तेव्हा कुठली? कोपीच्या दारात तुझ्याच वयाची पोरगी धाकट्याला काखेला मारून बसलेली तू सायकलवरून बघितली असशील. 'हिनं काय केलंय?' असं तू आबांना विचारलंस का? मीही नाही विचारलं. आमच्याकडंही टोळ्या यायच्या आणि आमची आई त्यांना वाढे (उसाचे शेंडे) मागायची म्हशीसाठी. आम्हाला ते ऋतूसारखं वाटायचं, थंडी पडते तशा टोळ्या येतात.

तुला खजील करायला हे उकरत नाही. तुझ्या पोरानं जो प्रश्न विचारला तो आपण दोघींनी गिळला होता, एवढंच.

आता कँटीन. आकडे जवळ ठेव, कामाला येतील. वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइड धरला तर जर्मनीचा सात टनांच्या आसपास, भारताचा दोनच्या. पण हे दोन टन म्हणजे बीडचा कोयता आणि पुण्यातला तीन एसी-दोन गाड्यांवाला यांची सरासरी आहे. तू पुण्यात राहिली असतीस तर कुठल्या बाजूला असतीस हे मी सांगायला नको. आणि मुंबईची तुझी एक परतीची फेरी, मोजणाऱ्यागणिक आकडा हलतो, पण टनाच्या आगेमागे किंवा वरच जाते. तेव्हा सहकाऱ्याला उत्तर देताना फार ताठ होऊ नकोस.

पण गप्पही बसू नकोस. त्याला जुलै २०२१ ची आठवण कर. १४ आणि १५ तारखेला त्यांच्याकडं आर नदीच्या खोऱ्यात पाणी चढलं, जर्मनीत १८० हून जास्त माणसं गेली. बरोबर आठवड्यानं, २२ जुलैला, इकडं महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, चिपळूण बुडालं, आणि आपल्याकडं ज्याला त्याला एकच प्रश्न, 'आयर्विन पुलाला किती फूट?' २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं कुणी विसरलं नव्हतं. तू श्टुटगार्टहून रात्रभर फोन लावत बसली असशील, सांगलीच्या पुलाचा आकडा विचारत. दोन्हीकडच्या चिखलाला वास तोच येतो. पुढं काय झालं ते मात्र वेगळं. जर्मनीनं पुनर्बांधणीसाठी ३० अब्ज युरोंचा निधी उभा केला, त्या वेळच्या दरानं अडीच लाख कोटी रुपयांहून जास्त. महाराष्ट्रानं पॅकेज जाहीर केलं ११,५०० कोटींचं. तिकडच्या किमती वेगळ्या, नुकसान वेगळं, सगळं धरलं तरी हा फरक नुसत्या पावसाचा नाही. गेल्या दीडशे वर्षांत कोळसा जाळून कोण श्रीमंत झालं, त्याचा आहे.

आणि 'आमचा' की 'त्यांचा' हा घोळ मला वाटतं सोडून दे. दोन्हीकडं 'आमचा' म्हण. आमचा चंद्रपूरचा कोळसा आणि आमचं जर्मनीतलं लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा. जानेवारी २०२३ मध्ये लुत्सेराथ गावातून आंदोलकांना बाहेर काढलं ते खाणीसाठीच, आणि ते पोलिस आता तुझेच. एकदा म्हणून बघ. सहकारी जरा गोंधळेल, पण बोलणं पुढं सरकेल.

खरा मुद्दा आता येतो. तुझी नोकरी तू पत्रात एका ओळीत उरकलीस. पैसे पाठवू का, परत येऊ का, हे विचारलंस, पण रोज सकाळी आठ ते पाच काय करतेस ते नाही विचारलंस. खरेदी विभाग! अगं, म्हणजे कोल्हापूरचं शिरोली, पुण्याचं चाकण, तिथले सगळे कारखानदार तुझ्या मेलची वाट बघत असतात.

जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा तुला माझ्याहून चांगला माहीत आहे. माल पुरवणाऱ्यांकडं कामगारांचे हाल होत नाहीत ना, हे बघायची सक्ती : २०२३ पासून तीन हजार कामगारांवरच्या कंपन्यांना, २०२४ पासून हजारावरच्यांना. त्यामागं कराचीतली एक आगही आहे. सप्टेंबर २०१२, कपड्यांचा कारखाना, अडीचशेच्या वर माणसं जळून गेली; मुख्य गिऱ्हाईक एक जर्मन स्वस्त कपडेवाली कंपनी. मृतांचे नातलग डॉर्टमुंडच्या कोर्टात गेले, २०१९ ला कोर्टानं मुदत टळली म्हणून दावा फेटाळला. असल्या प्रकरणांवरून तिथं लोक उठले, म्हणून तो कायदा झाला. आता तो जड होतोय म्हणून सैल करायची भाषा जोरात आहे.

त्या कायद्यामुळं तुमच्या कंपनीतून पुरवठादारांना प्रश्नावली जाते. बालमजूर आहेत का? नाही. वेठबिगार? नाही. सुरक्षेची साधनं? आहेत. खूण, खूण, शिक्का, सही, आली परत. माझा भाऊ शिरोलीला एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. तो म्हणायचा, ऑडिटवाले येतात त्या दिवशी फेटलिंगला सुट्टी. फेटलिंग म्हणजे ओतीव मालाच्या कडा ग्राइंडरनं घासून साफ करायची जागा. तिथं उभा राहणारा माणूस कंपनीचा नव्हता, ठेकेदाराचा होता, बिहार-ओडिशाकडून आलेला. नाकाला फडकं. संध्याकाळी पापण्यांवरसुद्धा राखाडी धूळ. मस्टर (हजेरीपट) दोन, एक दाखवायचं आणि एक खरं. तुझ्या जर्मन साहेबाला मस्टर दोन असू शकतात हे स्वप्नातही येणार नाही. तुला ते न सांगता कळतं.

आणि ज्या आठवड्यात ही प्रश्नावली जाते, त्याच आठवड्यात तुझ्याच विभागातून दुसरी मेल जात असेल : पुढच्या वर्षी नगामागं दोन-तीन टक्के कमी करा, नाहीतर दुसरीकडं बघतो. हे तीन टक्के मालक स्वतःच्या गाडीच्या हप्त्यातून काढत नाही. फेटलिंगच्या ठेक्यातून काढतो. आबांची रांग तुझ्या मनातून जात नाही, आणि ही मेल तू कॉफी पिता पिता पाठवतेस. यात तू वाईट आहेस असं नाही. ते कामच तसं बसवलेलं आहे की पलीकडचा माणूस दिसू नये.

नोकरी पणाला लाव असं सांगणार नाही. घराचे हप्ते असतील, पोर लहान आहे. पण एक पुरवठादार धर, एकच. त्याला खूण करायचे प्रश्न पाठवू नकोस. विचार, की फेटलिंगला उभ्या माणसाचा पगार कोण देतं, कोणत्या तारखेला, पीएफ कोणाच्या नावावर, छातीचा एक्स-रे शेवटचा कधी काढला. मराठीतून फोन कर. मालक आधी दचकेल, मग थोडंफार खरं बोलेल. आणि ते खरं बोलणं त्याच्या अंगाशी येणार नाही ही काळजी तू घ्यायची. माल दुसरीकडं वळवलास तर फेटलिंगवाल्याचं काहीच भलं झालं नाही, उलट कामही गेलं. त्या एका भागावरचे तीन टक्के या वर्षी सोड आणि बदल्यात धूळ ओढणारं यंत्र मागून घे, हे साहेबाला पटवून दे. साहेबाला माणुसकीची भाषा पटली नाही तर कायद्याच्या दंडाची भाषा वापर, ती पटते.

हे जमलं नाही तर? नाही जमणार कदाचित पहिल्या वर्षी. पण श्टुटगार्टमध्ये बसून शिरोलीचं मस्टर वाचता येणारी माणसं किती असतील? मतही आता तुझं तिकडं आहे. हा कायदा ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवणाऱ्या तुझ्या मतदारसंघातल्या खासदाराला पत्र लिही, मला लिहिलंस तसंच, पिशवीसकट. (आणि इथलं मत गेलंय, तेव्हा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाला निवडून द्यावं हे सांगणं बंद कर. करत नसशील तर माफ कर. बहुतेक जण करतात.)

अजून एक काम तुझ्या दारात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं तुझ्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, कुशल कामगार पाठवायचा करार केला. इकडं पोरं जर्मन भाषेचं 'देर, दी, दास' घोकत बसली. करारातून जाणारे जातील, पण त्याच्या आडोशानं एजंटही उगवलेत. नर्सिंग केलेली एखादी पोरगी जमिनीचा तुकडा गहाण टाकून तिथं उतरेल आणि तिच्या कागदात लिहिलेलं असेल, की नोकरी मध्येच सोडली तर भाषेच्या कोर्सचे पैसे परत. ते कलम सही करण्याआधी वाचून दाखवणारं माणूस तिला हवं असतं. महिन्यातला एक रविवार दे. चहा-पोहे तुझ्याकडचे.

पैसे पाठव, जरूर पाठव. कळसाला नको, कमानीला नको, जिथं दात्याचं नाव संगमरवरावर कोरतात तिथं तर मुळीच नको. तुझ्याच शिवारात येणाऱ्या टोळीतल्या पोरांची शाळा सहा महिने तुटते. त्यांच्यासाठी कोण काय करतंय ते आबांना विचारून घे. आबांना माहीत नसेल, तर शोधायला त्यांना कारण मिळेल.

आणि पुढच्या वेळी आबा आले की तुम्ही तिघं त्यांच्याबरोबर 'ऑल पासपोर्ट्स'च्या रांगेत उभं राहा. युरोपच्या नागरिकाला तिथं उभं राहायला मनाई नसते. यानं रांग काही लहान होणार नाही, पावणेदोन तास लागायचे ते लागतीलच. पिशवी पोराच्या हातात दे. सात-बारा कसा वाचायचा, खाते क्रमांक कुठं असतो, कुळाचं नाव कुठल्या रकान्यात, एवढं आबा त्याला खिडकी येईपर्यंत शिकवतील.

तुझी,
ताई